लॅपटॉप सुरू होताच प्रोसेसर कशात गुंततो?

मुदखेड स्थानकात नांदेडकडून येणाऱ्या रेल्वेमार्गाला दोन फाटे फुटतात : एक निजामाबादकडे, दुसरा आदिलाबादकडे. रुळांच्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडतात. बाकीच्या सिग्नलची वाट पाहतात. लॅपटॉपच्या प्रोसेसरचेही ढोबळमानाने असेच असते. त्याचा प्रत्येक गाभा एका क्षणी एकच काम करतो. मात्र ते संपेपर्यंत तो इतरांना ताटकळत ठेवत नाही. सेकंदाच्या काही शतांशांत तो काम बदलतो, म्हणून सारी कामे एकदम चालल्याचा भास होतो.

लॅपटॉप सुरू होताच या कामांची गर्दी उसळते. विंडोज अपडेट शोधते, विषाणुरोधक प्रोग्रॅम फायली तपासतो, फायलींची सूची तयार होते. यांतील बरीच कामे लॅपटॉप रिकामा असताना उरकायची असतात. पण शाळेचा लॅपटॉप अनेकदा आठवड्यातून एकदाच, तोही तासापुरता उघडतात. साहजिकच साठलेली कामे नेमकी तासाच्या वेळी पुढे येतात आणि 'लॅपटॉप बिघडला' असा निष्कर्ष निघतो.

हा निष्कर्ष विद्यार्थ्यांकडून तपासून घेता येईल. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील सीपीयूचा आकडा आणि सर्वाधिक वेळ घेणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव दर मिनिटाला लिहावे व अर्ध्या तासाचा आलेख काढावा. ५० टक्के म्हणजे निम्मा वेळ प्रोसेसर कामात, निम्मा वेळ रिकामा. 'सिस्टिम आयडल प्रोसेस' या नावापुढे मोठा आकडा दिसला तर घाबरू नये. तो रिकामा वेळच असतो.

आलेख चढून खाली उतरला, तर बिघाड नाही. एकाच प्रोग्रॅममुळे तो चढाच राहिला, तर तो प्रोग्रॅम अद्ययावत करावा किंवा स्टार्टअपच्या यादीतून बंद करावा. नाव अनोळखी असल्यास विषाणूची तपासणी करावी. सीपीयूचा आकडा कमी, पण 'डिस्क'चा १०० टक्क्यांजवळ असेल, तर दोष प्रोसेसरचा नाही. अशा वेळी जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवणे नव्या लॅपटॉपपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. पंख्याच्या जाळीत धूळ साचली असेल तर तीही काढावी. फार तापलेला प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो.

सर्वांत सोपा उपाय बिनखर्चाचा आहे. तासाच्या आदल्या दिवशी चार्जर व इंटरनेट जोडून लॅपटॉप तासभर सुरू ठेवावा आणि शेवटी 'रीस्टार्ट' करावा. 'शट डाउन'नंतर विंडोजचा मध्यवर्ती भाग बहुधा पूर्वीच्याच स्थितीतून उठतो. 'रीस्टार्ट'मध्ये तो नव्याने सुरू होतो.