विश्लेषण : न्यायालयाच्या निकालानंतरही जे घडले नाही, ते चार भागांच्या टीव्ही मालिकेने कसे घडवले?

टीव्हीवरील मालिका पाहून डोळे पाणावणे नवे नाही. पण मालिका संपल्यावर आठवडाभरात पंतप्रधानांना संसदेत नव्या कायद्याची घोषणा करावी लागते, असे क्वचितच होते. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ मध्ये ते झाले. निमित्त होते ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ या आयटीव्ही वाहिनीवरील मालिकेचे. विशेष म्हणजे तिच्यातील मुख्य तपशील अनेक वर्षे जाहीर होते.

मूळ प्रकरण काय?

ब्रिटनमधील बहुतेक टपाल कार्यालये सरकारी कर्मचारी चालवत नाहीत. गावातील दुकानातच टपालाचा काउंटर असतो. दुकानदार ‘सबपोस्टमास्टर’ म्हणून सरकारी मालकीच्या ‘पोस्ट ऑफिस’शी करार करून तो चालवतो. १९९९ पासून या काउंटरवर फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ ही संगणकीय हिशेबप्रणाली आली. तिच्यातील दोषांमुळे प्रत्यक्षात नसलेली तूट हिशेबात दिसू लागली.

तूट भरून देण्याची जबाबदारी सबपोस्टमास्टरवर टाकली जाई. अनेकांनी बचत मोडली, घर गहाण ठेवले, नातेवाइकांकडून उसने पैसे घेतले. अनेकांवर चोरी आणि खोटे हिशेब लिहिल्याचे खटले झाले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण दोषी ठरले. त्यातील सुमारे ७०० खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच चालवले होते. म्हणजे तक्रारदार, तपास करणारा आणि खटला चालवणारा एकच!

कोणता प्रसंग जिव्हारी लागला?

हॅम्पशायरमधील एका खेड्यात दुकान चालवणाऱ्या जो हॅमिल्टन यांचा. पडद्यावर तूट दिसते, म्हणून त्या मदतवाहिनीला फोन करतात. पलीकडून सांगितले जाईल तसे बटण दाबत जातात आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तूट दुप्पट होते. प्रत्यक्षातही त्यांच्यासोबत हेच घडले होते. ३६ हजार पौंडांहून अधिक रकमेचा ठपका आल्यावर, चोरीच्या आरोपाखाली तुरुंगात जावे लागू नये म्हणून त्यांनी खोटे हिशेब लिहिल्याचा गुन्हा कबूल केला. पैसे भरायला गावकऱ्यांनी हातभार लावला.

‘असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय’, असे अनेक सबपोस्टमास्टरना सांगितले जात होते. त्यामुळे प्रत्येक जण स्वतःवरच संशय घेत राहिला.

मालिकेआधी काय झाले होते?

बरेच काही. २००९ मध्ये ‘कॉम्प्युटर वीकली’ने सात जणांची प्रकरणे छापली. वेल्समधील आपले टपाल कार्यालय गमावलेल्या अ‍ॅलन बेट्स यांनी त्याच वर्षी पीडितांची संघटना उभारली. ५५५ जणांनी एकत्र येऊन दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये पोस्ट ऑफिसने ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांची तडजोड केली. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने होरायझनमध्ये दोष असल्याचे स्पष्ट केले. मात्र दाव्याचा खर्च वजा जाता प्रत्येकाच्या हाती सरासरी २० हजार पौंडच पडले. एप्रिल २०२१ मध्ये हॅमिल्टन यांच्यासह ३९ जणांची शिक्षा रद्द झाली. तरीही २०२४ उजाडेपर्यंत निर्दोष ठरलेल्यांची संख्या शंभराच्या आतच होती.

मालिकेने वेगळे काय केले?

बातम्यांमध्ये हा विषय सॉफ्टवेअर, करार आणि दाव्यांच्या भाषेत येत होता. मालिकेने तो घरातल्या हिशेबाच्या वहीएवढा सोपा केला. आपला आकडा बरोबर असूनही यंत्र चूक म्हणते आणि सगळे यंत्रावर विश्वास ठेवतात, ही भीती कोणालाही कळते. एका गावातील सभागृहात पीडित पहिल्यांदा एकत्र येतात, तेव्हा ‘फक्त तुम्हालाच’ हे वाक्य खोटे होते, तेही लाखो प्रेक्षकांसमोर.

मालिकेनंतर आणखी सुमारे ५० जणांनी वकिलांशी संपर्क साधला. पोस्ट ऑफिसच्या माजी मुख्याधिकारी पॉला वेनेल्स यांचा सन्मान काढून घेण्याच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्यांनी ९ जानेवारीला तो परत करण्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी कायद्याची घोषणा केली. २४ मे २०२४ रोजी तो मंजूर झाला आणि शेकडो शिक्षा एका फटक्यात रद्द झाल्या.

प्रत्येक मालिकेला हे जमते का?

नाही. बीबीसीच्या १९६६ मधील ‘कॅथी कम होम’ने बेघर कुटुंबांचे हाल दाखवून देश हादरवला, पण बेघरांसाठीचा कायदा यायला १९७७ उजाडले. १९८९ च्या हिल्सबरो स्टेडियम दुर्घटनेत ९७ फुटबॉलप्रेमींचा बळी गेला. तिच्यावरील नाट्य १९९६ मध्ये प्रसारित झाले; हे मृत्यू बेकायदा कृत्यामुळे झाल्याचा निष्कर्ष मात्र २०१६ मध्ये आला.

मालिका संताप निर्माण करू शकते, पुरावा नाही. बेट्स यांच्या बाबतीत निकाल हाती होता, सार्वजनिक चौकशी सुरू होती आणि ते निवडणुकीचे वर्ष होते. पीडितांनी आणि पत्रकारांनी दीड दशक रचलेल्या लाकडांवर मालिकेने ठिणगी टाकली.

मग न्याय पूर्ण झाला का?

शिक्षा रद्द झाल्या, पण भरपाईसाठी अनेकांना नंतरही झगडावे लागले. जुलै २०२५ मध्ये चौकशी समितीच्या अहवालाच्या पहिल्या खंडात, किमान १३ जणांच्या आत्महत्यांचा या प्रकरणाशी संबंध असू शकतो, असे नमूद झाले. अनेक पीडित भरपाईची वाट पाहतच वारले.

या मालिकेत आपल्याला तोटा झाल्याचे आयटीव्हीनेच नंतर सांगितले. विषय इतका स्थानिक की परदेशात तिला पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत. त्यामुळे असे विषय यापुढे किती वाहिन्या हाती घेतील, हा प्रश्न आहे. त्याहून मोठा प्रश्न व्यवस्थेसाठी आहे : ज्यांच्यावर मालिका निघत नाही, त्यांच्या निकालांची अंमलबजावणी कोण करणार?