अंग अचानक बधिर झालं, तर आधी घड्याळ पाहा

मांडी घालून बराच वेळ बसलं की पायाला मुंग्या येतात. पाय मोकळा केला की थोड्या वेळात त्या जातात. नस दबली होती, ती सुटली. काळजीचं कारण नाही. पण कापूस वेचताना किंवा जेवायला बसलेलं असताना, काही कारण नसताना हात, पाय किंवा अर्धा चेहरा एकाएकी बधिर पडला, तर गोष्ट वेगळी आहे. जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर किंवा भोकरदनकडच्या गावातून मोठं रुग्णालय गाठायलाच बराच वेळ जातो. म्हणून काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, हे आपल्याला आधीच माहीत असलेलं बरं.

पहिली पायरी : वेळ टिपून ठेवा

बधिरपणा नेमका किती वाजता सुरू झाला, ते मोबाईलमध्ये किंवा कागदावर लिहा. रुग्णालयात पहिला प्रश्न हाच असतो आणि उपचार त्यावरच ठरतात. इथे एक चूक नेहमी होते. माणूस सकाळी सहाला उठला आणि हात हलेना, तर घरचे ‘सहा वाजता झालं’ असं सांगतात. खरी वेळ धरायची ती तो शेवटचा धडधाकट दिसला तेव्हाची, म्हणजे कदाचित रात्री दहाची.

दुसरी पायरी : पाच गोष्टी तपासा

त्या माणसाला हसायला सांगा. तोंड एका बाजूला ओढलं जातं का? डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक हात खाली घसरतो का? ‘आज मोंढा चालू आहे’ असं साधं वाक्य बोलायला सांगा. जीभ जड वाटते का, शब्द चुकतात का? एकदम दिसेनासं झालं का, किंवा एकाचे दोन दिसतात का? चालताना तोल जातो का?

यातली एक जरी गोष्ट नव्याने दिसली, किंवा शरीराची एकच बाजू अचानक बधिर झाली, तरी तो पक्षाघात असू शकतो. गावाकडे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात ते हेच. पाचही गोष्टी ठीक असल्या, तरी एका बाजूचा अचानक बधिरपणा एवढं कारण निघायला पुरेसं आहे.

तिसरी पायरी : आत काय चाललंय, ते समजून घ्या

पक्षाघाताच्या बहुतेक रुग्णांत मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. काहींत रक्तवाहिनी फुटते. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू सांभाळते आणि उजवी बाजू डावी. म्हणून एकाच बाजूचा हात-पाय जातो. मोठी गुठळी अडकली, तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात. पण रक्तस्राव असेल, तर तेच इंजेक्शन घातक ठरतं. गुठळी की रक्तस्राव, हे बाहेरून कोणालाच ओळखता येत नाही. त्यासाठी डोक्याचा सीटी स्कॅन लागतो.

चौथी पायरी : निघा, पण नीट

१०८ ला फोन करा आणि ‘पक्षाघाताची शंका आहे’ असं स्पष्ट सांगा. सीटी स्कॅन चालू आहे का आणि गुठळीचं इंजेक्शन मिळतं का, हे रुग्णालयाला फोन करून विचारा. जालना शहरापासून छत्रपती संभाजीनगर सुमारे ६० किलोमीटर आहे, परतूरहून शंभराच्या वर. वाटेत दोन ठिकाणी थांबून तिसरीकडे पोचण्यात बहुमोल वेळ जातो.

रुग्णाला कुशीवर झोपवा. पाणी, चहा, जेवण काही देऊ नका. गिळता येत नसेल, तर ते श्वासनलिकेत जातं. ॲस्पिरिन किंवा बीपीची जादा गोळी आपल्या मनाने देऊ नका. मालिश आणि शेक यांत वेळ घालवू नका. मधुमेही माणसाची साखर घरी यंत्र असेल तर तपासा, कारण साखर एकदम उतरली तरी असंच दिसू शकतं. चालू औषधं, आधार कार्ड आणि रेशन कार्ड बरोबर घ्या.

पाचवी पायरी : आपोआप बरं वाटलं, तर?

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. दहा-पंधरा मिनिटांत हात पूर्ववत होतो आणि सगळे म्हणतात, ‘थकवा असेल.’ ठिबकच्या नळीत कचरा अडकावा आणि आपोआप सुटावा, तशी ती गुठळी सुटलेली असू शकते. याला क्षणिक पक्षाघात म्हणतात. पुढच्या मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तिथे रक्तदाब, साखर, हृदयाचे ठोके आणि मानेतल्या रक्तवाहिन्या तपासतात.

सहावी पायरी : इतर प्रकार ओळखा

बधिरपणा पावलांपासून सुरू होऊन काही दिवसांत वर चढत गेला आणि पायातली ताकद कमी झाली, तर तो गियाँ-बारे आजार असू शकतो. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी या भागांत त्याची साथ आली होती. अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि दूषित पाण्याचा संशय होता. श्वासाचे स्नायू दुबळे होऊ शकतात, म्हणून लगेच दाखल व्हावं. बहुतेक रुग्ण बरे होतात, पण वेळ लागतो.

रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या पहाटे आपोआप मिटू लागल्या, गिळता येईना, पोट दुखू लागलं, तर मण्यार साप चावल्याची शंका घ्या. तिच्या दंशाची खूण बहुधा दिसतही नाही.

घाबरून भराभर श्वास घेतला की दोन्ही हातांची बोटं आणि ओठांभोवती मुंग्या येतात. श्वास संथ झाला की जातात. मात्र असं पहिल्यांदाच झालं असेल, तर डॉक्टरांनीच ते ठरवू द्यावं.

काही प्रकार सावकाश येतात. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होणं म्हणजे बहुधा मनगटात नस दबणं. मधुमेहात दोन्ही पावलं हळूहळू बधिर होतात आणि काटा रुतला तरी कळत नाही. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलं, तरी असं होतं. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असून तिथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो. यांत घाई नको, पण टाळाटाळही नको.

सातवी पायरी : घरी आल्यावर

‘बीपी आता नॉर्मल आलंय’ म्हणून गोळी बंद करणं, ही घरी परतल्यावरची नेहमीची चूक. ते नॉर्मल आलं ते गोळीमुळेच. तंबाखू, बिडी सोडा, गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. आणि दुसऱ्या पायरीतल्या पाच गोष्टी घरातल्या सगळ्यांना शिकवून ठेवा. ज्याला झटका येतो, त्याला स्वतःला त्या तपासता येतीलच असं नाही.