हात स्थिर राहिले

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो,


गेल्या महिन्यात वसतिगृहातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर बारावीतल्या एका मुलीने मला विचारले, “ताई, विश्वास एकदा धरला की झालं ना? मग मला अजून भीती का वाटते?” तेव्हा मी घाईत काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तिला द्यायला हवे होते ते उत्तर आज लिहिते.

नीतिमान माणूस विश्वासाने जगतो, ही शिकवण हबक्कूक संदेष्ट्याची. पौलाने ती रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत पुन्हा सांगितली. हबक्कूकाचा मूळ हिब्रू शब्द आहे ‘एमुना’. मनाने एखादी गोष्ट खरी मानणे एवढाच त्याचा अर्थ नाही. टिकून राहणे, स्थिर असणे, भरवशाचे असणे, हे सगळे त्यात येते.

हाच शब्द निर्गमच्या १७व्या अध्यायात मोशेच्या हातांविषयी आला आहे. अमालेक्यांशी लढाई चालू असताना मोशे टेकडीवर उभा होता. त्याचे हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी होई, खाली आले की शत्रूची. शेवटी त्याचे हात जड झाले. तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला धोंड्यावर बसवले, दोन्ही बाजूंनी हात धरले, आणि सूर्य मावळेपर्यंत ते स्थिर राहिले. थकलेल्या, दुसऱ्यांनी तोलून धरलेल्या हातांना शास्त्राने हा शब्द लावला आहे!

अब्राहामाचेही तसेच. हारान सोडले तेव्हा तो ७५ वर्षांचा होता, इसहाक जन्मला तेव्हा १०० वर्षांचा. मधल्या २५ वर्षांत दुष्काळ पडला, मिसरात जिवाच्या भीतीने त्याने पत्नीला बहीण म्हणवले. ज्या देशाचे वचन मिळाले, तिथे साराला पुरण्यासाठी त्याला ४०० शेकेल रुपे मोजून जमीन विकत घ्यावी लागली. तरी तो चालत राहिला.

धर्मशिक्षणाच्या परीक्षेत यावर मी चांगले गुण मिळवले होते. अंगी मात्र ते उतरले दोन पावसाळ्यांपूर्वी. जूनअखेरच्या एका रात्री आम्ही पाड्यावरून अडलेल्या बाईला घेऊन निघालो. नाल्याला पूर होता. लांबच्या रस्त्याने न जाता पाणी ओसरायची वाट पाहायची, हा निर्णय माझा होता. आई वाचली. बाळ गेले.

त्यानंतर कित्येक दिवस मला प्रार्थना करता येईना. ओठ हलत, मन गप्प. सहकारी प्रार्थना करत आणि मी नुसती त्यांच्यात बसून राही. जुलैत त्या बाईची सासू माझ्या दारात आली आणि म्हणाली, “ताई, नागलीची आवणी आहे. येतेस ना?” मी गेले. तिने रोपांची जुडी माझ्या हातात दिली. बाळाविषयी ती काही बोलली नाही, मीही नाही. दुपारपर्यंत आम्ही शेजारी शेजारी वाकून रोपे लावली. त्या रात्री मी प्रार्थना केली. दोनच वाक्यांची, पण माझी.

तेव्हा बाळ, भीती वाटते म्हणजे विश्वास गेला असे नाही. बाप्तिस्म्याच्या दिवशी वाट सुरू होते, संपत नाही. पाय अडखळतील, हात जड होतील. त्या दिवशी कुणाला तरी तुझे हात धरू दे, आणि दुसऱ्या कुणाचे खाली येताना दिसले तर तू जाऊन धर.

वाचकांना एक विनंती. यंदा नाल्यापलीकडच्या पाड्यांवरील दिवस भरत आलेल्या बायकांना पावसाआधीच अलीकडे आणून ठेवायचे आम्ही ठरवले आहे. घरच्यांना सोडून यायला त्या सहज तयार होत नाहीत. त्यांच्यासाठी आणि आमच्यासाठी प्रार्थना करा.

प्रभूच्या सेवेत,
आपली बहीण