पावसाची नोंद आणि आयताचे क्षेत्रफळ

वारंवारता सारणीवरून संभाव्यता वितरणाचा आलेख काढताना बहुतेकांची चूक एकाच जागी होते. (मी हिंदी माध्यमात शिकलो. तिथे ‘बारंबारता’ आणि ‘प्रायिकता’ म्हणत. चूक मात्र हीच व्हायची.)

समजा, तुयेत जूनच्या 30 दिवसांपैकी 9 दिवस 0 ते 10 मि.मी., 12 दिवस 10 ते 30 आणि 9 दिवस 30 ते 80 मि.मी. पाऊस पडला. प्रत्येक वारंवारतेला 30 ने भागा. संभाव्यता 0.3, 0.4, 0.3, बेरीज 1. इथवर सगळे बरोबर करतात. मग याच उंचीचे आयत काढतात आणि फसतात. शेवटचा वर्ग 50 मि.मी. रुंद, पहिला 10च. म्हणजे मोठ्या पावसाचा आयत पाचपट दिसतो, दिवस मात्र दोन्हींचे 9च. असा आलेख पाहून खाजनाचा शेतकरी उगाच घाबरेल.

म्हणून संभाव्यतेला वर्गाच्या रुंदीने भागा. उंची 0.03, 0.02, 0.006 येते. आता संभाव्यता क्षेत्रफळात आहे: 50 × 0.006 = 0.3. हवामान खात्याचे वर्गही असेच असमान असतात. 24 तासांत 64.5 ते 115.5 मि.मी. पडला तर ‘जोरदार’, 115.6 ते 204.4 ‘अति जोरदार’.

जुलैत सरळ बाजूंचा डबा अंगणात ठेवा, रोज सकाळी पट्टीने मोजा. पालकांनी नोंदीकडे लक्ष द्यावे. भाजक तेवढा 31 घ्या.