अंड्यातल्या नराचं काय होतं?

अंडं खाण्यात कुणाचा जीव जात नाही, असं अनेकांना वाटतं. पण अंड्यांसाठीच्या कोंबड्यांची पैदास करताना उबवणी केंद्रात जवळपास निम्मी पिल्लं नर निघतात. ती अंडी देणार नाहीत आणि ब्रॉयलरसारखं झपाट्याने वजनही धरणार नाहीत. त्यांना खाद्य घालणं परवडत नाही, म्हणून बहुतेक देशांत ती पहिल्याच दिवशी यंत्रात चिरडून किंवा वायू सोडून मारली जातात.

जर्मनीच्या कायद्यानुसार रास्त कारणाशिवाय प्राण्याला मारता येत नाही. निव्वळ आर्थिक फायदा हे असं कारण ठरत नाही, असं तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं. मात्र पर्याय मिळेपर्यंत नर पिल्लं मारायची मुभा दिली. १ जानेवारी २०२२ पासून बंदीच आली. आता अंडं उबत असतानाच आतला द्रव किंवा प्रकाशात दिसणारी चिन्हं तपासून लिंग ओळखतात आणि नराची अंडी बाजूला काढतात. काही उत्पादक नरही वाढवतात. तो खर्च अंड्याच्या किमतीवर चढतो.

तरी दोन प्रश्न उरतातच. अंड्यातल्या जिवाला वेदना नेमक्या कधीपासून जाणवतात? आणि अंडी कमी झाली की माद्यांचीही रवानगी कत्तलखान्यातच होते, ती कोणत्या रास्त कारणात बसवायची?