आगरातले सत्तांतर

केळशीत वानरांची टोळी कुणाच्या तरी गोठ्याच्या पत्र्यावर उतरली की सारी आळी जागी होते. ‘आले हो, आले!’ अशी हाळी एका आगरातून दुसऱ्या आगरात जाते. कुणी डबा बडवतो, कुणी सुतळी बॉम्ब लावतो. तोवर माडाखाली कोवळ्या फळांचा सडा पडलेला असतो. प्रत्येक फळ अर्धवट फोडलेले.

३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने आमचे निम्मे माड आणि बहुतेक पोफळी आडव्या केल्या. उरलेल्या माडांवर आमचा जीव, आणि वानरांचाही. गेल्या चैत्रात, महालक्ष्मीच्या उत्सवाला मी गावी गेलो, तेव्हा काका ओटीवर बसून म्हणाले, “पुरे झालं आता. तो थोराड हुप्प्या आहे ना, त्याचाच बंदोबस्त करायचा. म्होरक्या गेला की टोळी फुटते.”

बंदोबस्त म्हणजे काय, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. १९७२ च्या कायद्याने वानराला मारणे गुन्हा आहे, हेही ठाऊक होते. आणि काका रोज आंघोळीनंतर मारुतिस्तोत्र म्हणतात. त्या माणसावर ही वेळ आली, यावरूनच दुखणे किती खोल होते ते कळावे.

मी उत्तर दिले नाही. रात्री फडताळातून एक जुने पुस्तक काढले. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’.

माडगूळकरांची ओळख बहुतेकांना ‘माणदेशी माणसे’ आणि ‘बनगरवाडी’मुळे असते. १९२७ साली माणदेशातल्या माडगुळ्यात जन्मलेला हा मुलगा. गदिमांचा धाकटा भाऊ. शाळा अर्धवट सुटली, बेचाळीसच्या चळवळीत उडी घेतली, पुढे पुण्याच्या आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांचे काम केले. चित्रकलेचा हात मूळचाच. तरुणपणी शिकारीचा नादही होता. पण पुढे बंदूक बाजूला पडली आणि हातात दुर्बीण व वही आली. नागझिऱ्याच्या अरण्यात ते जाऊन राहिले आणि त्या मुक्कामातून ‘नागझिरा’ हे पुस्तक आले. २००१ साली ते गेले, तेव्हा मराठी वाचकाने गावचा आणि रानाचा असे दोन लेखक एकदमच गमावले.

‘सत्तांतर’ ही छोटेखानी कादंबरी. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘पंचतंत्रा’तली माकडे माणसासारखी बोलतात, शहाणपण शिकवतात. माडगूळकरांची वानरे वानरेच राहतात. टोळीचा मुलूख, त्यावर टपलेले उपरे नर, झुंज, जुन्या म्होरक्याची हार, आणि नव्याने केलेली पिल्लांची हत्या, हे सारे ते साध्या, कोरड्या वाक्यांत सांगत जातात. अनेकांनी त्यात राजकारण वाचले. नावच तसे आहे. मला त्या रात्री त्यात आमचे आगर दिसले.

ही पिल्लांची हत्या काही लेखकाची कल्पना नव्हे. साठीच्या दशकाच्या आरंभी युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने धारवाडच्या परिसरात ती नोंदवली होती. पुढे सारा हर्डी या अमेरिकन संशोधिकेने अबूच्या पहाडावर वर्षानुवर्षे वानरे पाहिली आणि १९७७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. तिचे म्हणणे असे, की टोळी खरी माद्यांची. आया, मुली, मावश्या त्याच मुलखात जन्म काढतात, नर येतात आणि जातात. नव्या नराला राज्य मिळते ते सरासरी दोन-अडीच वर्षे. अंगावर पाजणारी मादी लवकर माजावर येत नाही, म्हणून तो परक्याची पिल्ले मारतो.

सकाळी काकांना मी एवढेच सांगितले, “हुप्प्या गेला तर टोळी फुटणार नाही. बायका इथंच राहणार. दुसरा येईल, आणि आधी पोरं मारील. मग माद्या पुन्हा वितील. आपले माड वाचायचे नाहीत.”

काका बराच वेळ सुपारी कातरत राहिले. “पुस्तकात आहे हे?”

“पुस्तकात आहे, आणि शास्त्रातही.”

काकू आतून बाहेर आली. तिला पुस्तकाचे काही नव्हते. म्हणाली, “परवा विहिरीपाशी एक बसली होती, पोर छातीशी. मी हाकलायला गेले तर पळाली नाही, नुसती पोराला पोटाखाली घेऊन वाकली. मी परत आले.”

बंदोबस्ताचा विषय तिथे संपला. नारळाचा संपला नाही. पावसाळ्यापर्यंत काकांनी राखणीला गडी ठेवला. त्याची मजुरी आणि नारळाचे पैसे यांचा मेळ बसला नाही. वानरे अजून येतात. कायदा वानराला वाचवतो ते योग्यच, पण बागायतदाराचे नुकसान कुणी मोजायचे, हा काकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर माडगूळकरांच्या पुस्तकात नाही.

पुस्तकाने एवढेच केले, की ज्याला आम्ही चोर म्हणत होतो, त्याचे घर आम्हाला दाखवले. परवा काकांचा फोन आला. “तुझा तो हुप्प्या दिसत नाही हल्ली. दुसराच कोणी आलाय,” म्हणाले. आणि जरा थांबून, “विहिरीपाशीच्या तिचं पोर आहे अजून. मोठं झालंय.”