विद्यार्थी-प्रकल्प म्हणून साधा व्हिडिओ गेम : नियोजन, बांधणी आणि मूल्यमापन

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, विद्यार्थी-प्रकल्प, सापशिडी, मूल्यमापन

प्रस्तावना :

पदवी स्तरावरील संगणक प्रकल्पाचा हेतू विद्यार्थ्याने स्वतः विचार करून काही घडवावे हा आहे. तथापि तयार प्रकल्प विकत घेऊन किंवा उतरवून तो सादर करण्याची प्रवृत्ती अनेक ठिकाणी आढळते. अशा वेळी साधा व्हिडिओ गेम हा प्रकल्पविषय म्हणून विचारात घेण्याजोगा आहे. १९७२ मध्ये ‘अटारी’ कंपनीत नव्याने रुजू झालेल्या ॲलन अल्कॉर्न या अभियंत्यास केवळ सराव म्हणून चेंडू-फळीचा एक खेळ तयार करावयास सांगण्यात आले. त्यातूनच ‘पाँग’ हा जगप्रसिद्ध खेळ जन्मास आला. लहान, मर्यादित परंतु पूर्ण झालेले काम किती शिकवू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय. माणगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांस साधनांच्या मर्यादेतही असा प्रकल्प कसा राबविता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विषयाची निवड :

पहिल्या प्रकल्पासाठी ज्याचे नियम सर्वांना ठाऊक आहेत असा खेळ निवडावा. सापशिडी या दृष्टीने सोयीची आहे. महाराष्ट्रात हा खेळ ‘मोक्षपट’ म्हणून परिचित असून त्याचे जनकत्व परंपरेने संत ज्ञानेश्वरांकडे दिले जाते. त्यात शिडी हे सद्गुणाचे, तर साप हे दुर्गुणाचे प्रतीक आहे. हाच साचा ठेवून आशय बदलता येतो. माणगाव परिसरातील विद्यार्थी राब भाजण्यापासून झोडणीपर्यंतच्या भातशेतीचा पट रचू शकेल.

नियोजन :

संगणकास हात लावण्यापूर्वी खेळ कागदावर खेळून पाहावा. घरे आखून, बिया किंवा गुंड्या सोंगट्या म्हणून वापरून दोघांनी खेळल्यास नियमांतील संदिग्धता लगेच ध्यानी येते. ९७ व्या घरावर असता फाशावर ५ पडल्यास काय व्हावे? शिडीच्या टोकाशीच सापाचे तोंड असल्यास? या प्रश्नांची उत्तरे लेखी असावीत.

यापुढचा प्रश्न अधिक मूलगामी आहे : या खेळात खेळाडू काय ठरवितो? पारंपरिक सापशिडीत काहीच नाही. सर्व काही दानावर अवलंबून. दोन फासे टाकून त्यांपैकी एक निवडण्याची मुभा दिल्यास खेळाडूस निर्णय करावा लागतो. एका फाशावर ६ पडण्याची संभाव्यता ६/३६ असते; दोहोंपैकी किमान एकावर ६ पडण्याची ११/३६ होते. अशा रीतीने एका नियमाच्या बदलातून गणितही शिकविले जाते.

बांधणी :

पायथन भाषा व २००० साली प्रथम प्रसिद्ध झालेले ‘पायगेम’ हे साधन विनामूल्य असून जुन्या संगणकावरही, एकदा बसविल्यानंतर इंटरनेटविना, चालू शकते. प्रत्येक खेळाच्या मुळाशी एक चक्र असते : खेळाडूची कृती वाचणे, नियमांनुसार स्थिती बदलणे आणि नवे चित्र काढणे. सेकंदास ३० वेळा हे चक्र फिरल्यास प्रत्येक फेरीस सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. नियमांची आज्ञावली व चित्रांची आज्ञावली वेगळी ठेवावी, म्हणजे चूक शोधणे सुलभ होते.

पटावर सोंगटी नेमकी कोठे काढावी, हे साध्या भागाकाराने कळते. घरक्रमांकातून १ वजा करून १० ने भागावे. भागाकार खालून ओळ दर्शवितो. तो सम असल्यास बाकी डावीकडून, विषम असल्यास उजवीकडून मोजावी. १४ साठी भागाकार १ व बाकी ३ येते. म्हणजे उजवीकडून तीन घरे सोडून चौथे, अर्थात डावीकडून सातवे घर. ते बरोबर ७ च्या वर येते.

मराठी मजकुराबाबत एक दक्षता आवश्यक आहे. अशा साधनांत जोडाक्षरे व वेलांट्या विस्कटण्याचा संभव असतो. तेव्हा सूचना चित्ररूपाने घालणे श्रेयस्कर.

चाचणी व मूल्यमापन :

खेळ न बनविलेल्या विद्यार्थ्याकडून तो खेळवून घ्यावा आणि बनविणाऱ्याने त्या वेळी मौन पाळावे. खेळणारा जेथे अडखळतो, तेथे नियम किंवा मांडणी सदोष आहे असे समजावे.

गुण केवळ अंतिम सादरीकरणास न देता नियमवही, दर आठवड्याची आवृत्ती व चाचणीनंतर केलेल्या सुधारणा यांनाही द्यावेत. तोंडी परीक्षेत शिक्षकांनी एक लहान बदल समक्ष करावयास सांगावा. उदाहरणार्थ, १०×१० चा पट ८×८ करणे. ज्याने पटाचा आकार एकाच ठिकाणी नोंदविला आहे, तो हे काही मिनिटांत करील व ६४ पलीकडचे साप आणि शिड्याही आठवणीने हलवील. ज्याने आज्ञावली स्वतः लिहिलेली नाही, त्याला कोठे हात घालावा हेच उमगणार नाही.

निष्कर्ष :

साध्या खेळाचे शैक्षणिक मूल्य त्याच्या झगमगाटात नाही. नियम निश्चित करणे, मर्यादा आखणे, काम तडीस नेणे आणि दुसऱ्याच्या अडचणीतून सुधारणा करणे या सवयींत ते आहे. तयार प्रकल्पांस आळा घालण्यासाठी केवळ प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही. विद्यार्थ्यास आपल्या कामात समक्ष बदल करता येतो की नाही, हे पाहणारी परीक्षा त्याहून अधिक परिणामकारक ठरेल.